फवारणी करूनही जुन्या इमारतीत झुरळे का परततात?
मडगावातील जुन्या इमारतीत दर दोन महिन्यांनी फवारणी करूनही स्वयंपाकघरात झुरळे का दिसतात, असे आपण विचारले आहे. मूळ बहुधा आपल्या घरात नसून इमारतीच्या सामाईक डक्टमध्ये असते. सांडपाण्याचे पाइप भिंतीतून जातात तिथल्या भेगांतून लहान, तपकिरी जर्मन झुरळे एका सदनिकेतून दुसरीत सहज शिरतात आणि एकाच घरात फवारणी झाली की शेजारच्या घरांत पांगून पुन्हा परततात. शिवाय या झुरळांच्या मादीच्या अंड्यांच्या एका पिशवीत साधारण ३० ते ४० अंडी असतात, ज्यांवर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून कपाटांच्या बिजागऱ्यांपाशी, ओट्याखाली आणि फ्रिजच्या मागे जेल आमिषाचे (झुरळांनी खावे म्हणून विष मिसळलेल्या जेलचे) बारीक ठिपके लावावेत. मात्र त्याच जागी फवारणी करू नये, कारण मग झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत. भेगा सिमेंटने बुजवाव्यात, गळके नळ दुरुस्त करावेत. शक्यतो जूनचा पाऊस सुरू होण्यापूर्वी सोसायटीने सर्व सदनिका व गटाराचे चेंबर यांवर एकाच दिवशी उपचार करून घ्यावेत. शेजाऱ्यांना त्यासाठी राजी करणे हेच यातले खरे अवघड काम आहे.