घराण्यात कोणालाच नसताना टाइप वन कसा झाला?

ताई, दोन्ही घराण्यांत लहानपणी मधुमेह झालेले कोणीही नसताना सहा वर्षांच्या मुलाला टाइप वन कसा झाला, आणि डॉक्टर ‘जनुकीय’ म्हणाले म्हणजे दोष आमच्याकडून गेला का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मुलीचे निदान होऊन अकरा वर्षे झाली. त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मीही सासूबाईंची साखर, मामांच्या गोळ्या असा सगळा हिशेब मांडला होता. तो व्यर्थ होता, कारण आपल्याकडे साठीच्या आसपास दिसणारा मधुमेह बहुधा टाइप टू असतो आणि त्याची जनुकीय मुळे बहुतांशी निराळी असतात. टाइप वन झालेल्या दहा मुलांपैकी जवळजवळ नऊ जणांच्या जवळच्या नात्यात हा आजार कोणालाच नसतो.

टाइप वनमध्ये शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा, मुख्यतः तिच्या टी पेशी, स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला करतात. या हल्ल्यामागे असे एकच जनुक नाही. जनुकीय जोखमीचा सुमारे निम्मा वाटा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचा आहे. त्यांच्यापासून तयार होणारी प्रथिने आपल्या खोबणीत इतर प्रथिनांचे तुकडे धरून टी पेशींना दाखवतात, आणि तुकडा आपला की परका हे टी पेशी ठरवतात. यांपैकी डीक्यू प्रथिनाच्या बीटा साखळीत 57 व्या जागी कोणते अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) आहे, एवढ्या फरकाने जोखीम बदलते, हे 1987 मध्ये लक्षात आले.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते ती अकराव्या गुणसूत्रावरील इन्सुलिनच्याच जनुकाची गोष्ट. या जनुकाच्या अगदी आधी डीएनएचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कोणाकडे ही माळ आखूड असते, कोणाकडे लांब. छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते, जिथे टी पेशी तयार होतात आणि शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांवर चालून जाऊ शकणाऱ्या टी पेशी वेळीच काढून टाकल्या जातात. त्यासाठी तेथेही थोडे इन्सुलिन तयार व्हावे लागते. माळ आखूड असेल तर ते कमी तयार होते, आणि इन्सुलिनला शत्रू समजणाऱ्या काही टी पेशी निसटतात. स्वादुपिंडात मात्र या फरकामुळे इन्सुलिन कमी पडत नाही.

बीटा पेशी निव्वळ बळी ठरते असे पूर्वी मानले जाई. आता तसे म्हणता येत नाही, कारण जोखमीशी जोडलेली बरीच जनुके खुद्द बीटा पेशीतही कार्यरत असतात. आयएफआयएच-वन हे जनुक विषाणूची चाहूल घेणारे प्रथिन बनवते. ती लागताच इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारे प्रथिन स्रवते, पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए प्रथिने वाढतात आणि टी पेशींचे लक्ष तिच्याकडे वेधले जाते. हे जनुक दुबळे करणारे दुर्मीळ बदल असलेल्यांना टाइप वनचा धोका कमी असतो. पीटीपीएन-टू या जनुकाचे काम कमी पडले, तर दाहाच्या माऱ्यात बीटा पेशी लवकर मरतात.

तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला टाइप वन झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही. जनुके तीच, निकाल निराळा. म्हणून ‘दोष आमच्याकडून गेला’ हे वाक्य कृपया मनातून काढून टाका. जनुकांची ही जोखमीची रूपे असंख्य निरोगी माणसांत असतात आणि ती कोणी निवडून देत नाही.

अनेक जनुकांतली जोखीम एकत्र मोजणारा, युरोपीय लोकांवरून बेतलेला जनुकीय गुणांक पुण्यातील रुग्णांमध्येही टाइप वन ओळखायला उपयोगी पडतो, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र तेथे तो युरोपीयांइतका अचूक ठरला नाही.

धाकटीबद्दल विचाराल, तर पाश्चात्त्य देशांत सख्ख्या भावंडाची जोखीम साधारण 5 ते 6 टक्के धरतात. तिची जनुके तपासण्यापेक्षा अँटिबॉडीची (बीटा पेशींवर हल्ला सुरू झाल्यावर रक्तात दिसणाऱ्या प्रथिनांची) रक्तचाचणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा, कारण हल्ला सुरू झाला आहे की नाही हे त्या चाचणीतून कळते. आणि तिला एकाएकी खूप तहान लागू लागली, किंवा अंथरूण ओले होणे पुन्हा सुरू झाले, तर त्याच दिवशी दादाच्या ग्लुकोमीटरवर तिची साखर पाहा आणि ती जास्त आली तर लगेच दवाखाना गाठा.