फॉर्म्युला वनमध्ये गाडीतली आणि खर्चातली चोरी पकडतात कशी?

मी रत्नागिरीत मच्छीमार सोसायट्यांचे हिशेब तपासतो, तेव्हा तुमच्या प्रश्नातला खर्चाचा भाग माझ्या जिव्हाळ्याचा. पण आधी गाडी.

शर्यत संपली की गाड्या बंद आवारात जातात, टीमने हात लावायचा नाही. मग काटा. २०२४ला बेल्जियममध्ये जॉर्ज रसेल पहिला आला, पण इंधन काढून वजन केलं तर ७९६.५ किलो. हवं होतं किमान ७९८. दीड किलोपायी जिंकलेली शर्यत गेली! गाडीच्या पोटाखाली १० मिमी जाडीची फळी असते. गाडी फार खाली बसवली की ती घासते, आणि ९ मिमीच्या खाली गेली तर बाद. २०२३ला ऑस्टिनला चारच गाड्यांच्या फळ्या मोजल्या, त्यात हॅमिल्टन आणि लक्लेर हे दोघं ड्रायव्हर सापडले. पेटीतला खालच्या थराचा आंबा काढून बघतात ना, तसंच.

२००५ला इटलीतल्या इमोलात बीएआर टीमच्या गाडीत तर आत आणखी एक टाकी निघाली. तीही रिकामी करायला लावल्यावर किमान ६०० किलो हवी असलेली गाडी ५९४.६ भरली. दोन शर्यतींची बंदी.

पैशाला असा काटा नाही. २०२१ला एका टीमच्या वर्षाच्या खर्चाला मर्यादा होती १४.५ कोटी डॉलर, पण ड्रायव्हरचा पगार, टीममधल्या सर्वांत महागड्या तिघांचे पगार आणि मार्केटिंग त्यात धरत नाहीत. म्हणजे चोरी पैसे लपवून नाही, खर्चाचं खातं बदलून होते. म्हणून तपासनीस नुसती बेरीज बघत नाही, कुठला खर्च मर्यादेबाहेर टाकलाय ते उकरतो. रेड बुल टीमचं २०२१चं प्रकरण असंच: मर्यादेबाहेर जास्तीचे दाखवलेले खर्च सापडले, त्यात जेवणखाणाचाही होता. मर्यादा ओलांडली सुमारे १८.६ लाख पौंडांनी, म्हणजे १.६ टक्के. त्यातही करसवलत नीट लावली असती तर आकडा ४.३ लाखांच्या आसपास आला असता, हे एफआयएनेच, म्हणजे या शर्यतींचे नियम करणाऱ्या संस्थेनेच, मान्य केलं. दंड ७० लाख डॉलर, शिवाय हवेच्या बोगद्यातल्या (विंड टनेल) चाचण्यांत १० टक्के कपात. मला ही कपातच खरी शिक्षा वाटते.

(एका सोसायटीत खलाशांचं जेवण मला 'होडी दुरुस्ती'त सापडलं होतं. बर्फाची बिलं वीस फेऱ्यांची, लिलावाच्या पावत्या बाराच, म्हणून खोलात गेलो.)

एक अडचण मात्र आहे. वर्षाचा हिशेब पुढच्या ३१ मार्चपर्यंत द्यायचा असतो, त्यामुळे रेड बुलचा निकाल लागला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्यांचा ड्रायव्हर वरस्टापन याचं २०२१चं विजेतेपद आहे तिथेच राहिलं.