व्हेक्युरोनियम ‘भुलीचे’ नव्हे

विचारणा अशी : ‘व्हेक्युरोनियम हे भुलीचे इंजेक्शन’ असे बातमीत वाचले, अशा मसल रिलॅक्संटना मराठीत ‘स्नायुशिथिलक’ म्हणावे का?

आधी बातमीचे. शस्त्रक्रियेत देतात त्या व्हेक्युरोनियमने भूल चढत नाही. तरी दर दोन-चार महिन्यांनी हे वाक्य कुठे ना कुठे छापून येतेच. नसेच्या टोकाकडून स्नायूला निरोप देणारे ॲसिटिलकोलीन जिथे जाऊन बसते, ती जागा हे औषध अडवते. जबडा, हातपाय, श्वासपटल, सगळे लुळे. मेंदू टक्क जागा. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने याच जातीचे ट्युबोक्युरारीन स्वतःला टोचून घेतले, तेही श्वास पुरता बंद पडायला लागते त्याच्या अडीचपट. शुद्ध क्षणभरही हरपली नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. साठ किलोच्या माणसाला आधी प्रोपोफॉल हे खरे भुलीचे औषध, सुमारे १२० मिलिग्रॅम. पापणीला बोट लावले तरी ती हलत नाही आणि मास्कमधून श्वास नीट जातो, हे पाहून मग व्हेक्युरोनियम ६ मिलिग्रॅम. तीनेक मिनिटांनी श्वासनलिकेत नळी. पुढे भुलीची वाफ पुरवणारा व्हेपोरायझर रिकामा झाला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर भूल उतरते, लुळेपण राहते. रोग्याला ऐकू येते, दुखते, पण करंगळीही हलत नाही. बाहेर दिसते ते नाडी आणि रक्तदाब चढणे, डोळ्यांतून पाणी. नाडी मंद ठेवणारे बीटा ब्लॉकर औषध चालू असेल तर नाडीही चुगली करीत नाही.

आता ‘भूल’. हा शब्द इतका नेमका आहे की तो असा उधळलेला पाहवत नाही. जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृतातले धात्वादेश, म्हणजे संस्कृत धातूच्या जागी येणारे प्राकृत धातू, दिले आहेत. त्यात भ्रंश् (ढळणे, निसटणे) या धातूच्या जागी येणारे सहा : फिड, फिट्ट, फुड, फुट्ट, चुक्क, भुल्ल. शेवटचे दोन पाहा. पावतीखाली आपण ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहितो ती जोडी नऊशे वर्षांपूर्वी एकाच सूत्रात शेजारी बसली आहे! आणि ‘गाठ फिटली’ मधले फिटणेही तिथेच. तिन्हींत निसटणे, सुटणे हाच भाव. भ्रंश् पासून ओढूनताणून भुल्ल काढून दाखवणाऱ्यांना मात्र नमस्कार. आदेश म्हणजे अर्थाने बदली, जन्मदाखला नव्हे. चुकणे ‘च्युत’ वरून आणणारेही त्याच पंगतीतले. माझ्या मते हे अस्सल देशी धातू आहेत, संस्कृताशी त्यांची सोयरीक मागाहून लावली गेली. ते काही असो, भूल म्हणजे भान निसटणे. ते प्रोपोफॉलने निसटते, व्हेक्युरोनियमने नाही.

‘भूल उतरवायचे इंजेक्शन’ हाही असाच घोळ. शेवटी देतात ते निओस्टिग्मीन, साठ किलोला ३ मिलिग्रॅम, आणि त्याने नाडी फार मंदावू नये म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट ०.६. त्याने उतरते ते लुळेपण. तेही आधीच थोडे ओसरू लागलेले असावे लागते. पूर्ण लुळ्या स्नायूवर निओस्टिग्मीनचे काही चालत नाही. मनगटाजवळच्या नसेला विजेचे चार ठोके देऊन अंगठा पाहायचा : चौथा झटका पहिल्याच्या ०.९ पट झाला की नळी काढायला हरकत नाही. गंमत अशी की ‘उतरवणे’ हे क्रियापद इथे चपखल आहे. विष उतरवतात, आणि ही औषधे कुरारेची वंशज. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणांवरचे विष ते. नावात ‘क्युर’ दिसले की कूळ ओळखावे : व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम. सक्सिनिलकोलीन, म्हणजे थिएटरातले ‘स्कोलिन’, याला अपवाद. ते जागा अडवण्याआधी स्नायूला एकदा फडफडवते आणि निओस्टिग्मीनने उतरत नाही.

राहिले ‘स्नायुशिथिलक’. समास निर्दोष, अर्थ पातळ. नियम शिथिल होतात, शवासनात अंग शिथिल होते. इथे श्वास थांबतो. शिवाय कंबरदुखीच्या क्लोरझोक्साझोनच्या गोळीलाही दुकानदार मसल रिलॅक्संटच म्हणतो, आणि तिचे काम मज्जारज्जूत व मेंदूत, नस-स्नायूच्या सांध्यावर नाही. दोन्हींना एकच मराठी शब्द देणे परिभाषाकारांना शोभत असेल. तुम्ही सरळ ‘स्नायू लुळे पाडणारे औषध’ लिहा.