पीटीच्या तासाला बॉलिंगसारखे वेगवेगळे खेळ कसे घ्यावेत?

तुमचा प्रश्न असा : वर्गात ४० मुलं, तास ३५ मिनिटांचा, लेन (चेंडू घरंगळवायची लांब, गुळगुळीत पट्टी) नाही, खऱ्या पिना नाहीत. बॉलिंगसारखे खेळ घ्यायचेत (क्रिकेटमधलं बॉलिंग नव्हे, चेंडू घरंगळवून उभ्या पिना पाडायचं), पण दुसऱ्या तासालाच मुलं कंटाळायला नकोत.

खेळांच्या आधी रांगेचं बोलतो, कारण शाळेतलं बॉलिंग बहुतेक वेळा रांगेतच बारगळतं. चेंडू टाकणं, तो परत आणणं, पिनांच्या जागी ठेवलेल्या बाटल्या पडल्या की उभ्या करणं, यात दर चेंडूमागे साधारण अर्धं मिनिट जातं. मांडामांड आणि आवराआवर सोडून खेळायला २४ मिनिटं मिळाली, तर एका जागी ४८ चेंडू टाकून होतात. त्या जागी दहा मुलं असतील तर एकेकाच्या वाट्याला पाचसुद्धा येत नाहीत. तिघंच असतील तर सोळा येतात. म्हणून १३ जागा करा : बारा ठिकाणी तिघं, एका ठिकाणी चौघं. आणि दहा पिनांचा हट्ट सोडा. सहा बाटल्या, ३-२-१ अशा त्रिकोणात, टोक टाकणाऱ्याकडे. मग १३० ऐवजी ७८ बाटल्या पुरतात आणि उभ्या करायलाही कमी वेळ लागतो.

बाटल्या अर्ध्या लिटरच्या घ्या. तळाला दोन ते तीन बोटं कोरडी वाळू भरा आणि झाकणावर चिकटपट्टी गुंडाळा. रिकामी बाटली वाऱ्यानंही पडते. काठोकाठ भरलेली चेंडू आपटला तरी जागची हलत नाही, मग मुलं जोर काढायला लागतात. वाळूऐवजी पाणी नको : बाटली गळली की फरशी निसरडी होते. चेंडू व्हॉलीबॉलएवढा हवा आणि त्यातली थोडी हवा काढलेली हवी, म्हणजे तो उड्या न मारता घरंगळतो. बास्केटबॉल लहान हातांना जड पडतो. टेनिसचा चेंडू वाळूच्या बाटलीला टेकून नुसता बाजूला जातो.

बाटल्यांमधलं अंतर अंदाजानं ठेवू नका. खऱ्या बॉलिंगमध्ये पिन ३८ सेंटिमीटर उंच असते आणि दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर साडेतीस सेंटिमीटर असतं, म्हणजे उंचीहून कमी. त्यामुळेच पडणारी पिन शेजारणीला घेऊन पडते. अर्ध्या लिटरच्या बाटलीला हेच प्रमाण लावलं तर सुमारे १७ सेंटिमीटर येतं, म्हणजे मुलांची एक वीत. प्रत्येक बाटलीच्या जागी खडूनं ठिपका काढा. ठिपके नसले तर दर डावाला मांडणी बदलते आणि "तुमच्या बाटल्या जवळ होत्या" हे भांडण ठरलेलंच. मातीच्या मैदानावर ठिपके टिकत नाहीत, तिथं पुठ्ठ्यावर ठिपके काढून तो जमिनीवर दगडांनी दाबून ठेवा.

सगळ्या जागांचं तोंड एकाच भिंतीकडे असावं. बाटल्या भिंतीपासून एक मीटर पुढे, दोन जागांमध्ये दोन मीटर. भिंतीवर आपटून परत आलेल्या चेंडूनं पडलेली बाटली मोजायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. टाकण्याची रेघ पहिली-दुसरीसाठी तीन मीटरवर, तिसरी ते पाचवीसाठी पाच-सहावर, मोठ्यांसाठी आठवर. खऱ्या लेनवर रेघेपासून पहिली पिन १८ मीटरहून थोडी लांब असते, पण त्या अंतराशी आपल्याला काही कर्तव्य नाही. दहापैकी निदान सात-आठ चेंडू बाटल्यांपर्यंत सरळ पोचत नसतील तर रेघ पुढे घ्या.

तिघांची कामं वाटलेली असावीत : एक टाकतो, एक बाटल्या उभ्या करतो, एक गुण लिहितो. एकाचा डाव, म्हणजे एरवी दोन चेंडू, झाला की सगळे एकेक काम पुढे सरकतात. चेंडू हातात घेऊन चालत आणायचा, उलट घरंगळवायचा नाही. बाटल्यांपाशी असलेलं मूल बाजूला सरकून हात वर करेपर्यंत टाकायचं नाही. हा एक नियम कडक ठेवा. बाकीचे सैल चालतील.

टाकायची पद्धत पहिल्या तासातली दहा मिनिटं देऊन शिकवावी. उजव्या हातानं टाकणाऱ्याचा डावा पाय पुढे, गुडघे वाकलेले, हात घड्याळाच्या लंबकासारखा मागून पुढे, चेंडू घोट्याजवळ सुटतो आणि हात लक्ष्याकडे जाऊन थांबतो. चेंडू धपकन पडून उडत असेल तर तो कमरेच्या उंचीवरून सुटतोय : गुडघे वाकवायला सांगा. उजव्या हाताच्या मुलाचा चेंडू सारखा डावीकडे जात असेल तर हात अंगावरून आडवा फिरतोय. नेम बाटल्यांवर धरू देऊ नका. लेनवर रेघेपासून साधारण साडेचार मीटरवर बाण काढलेले असतात, ते जवळच्या खुणेवर नजर ठेवण्यासाठीच. तुम्ही रेघेपासून दोन मीटरवर खुणेचे दोन शंकू ठेवून दार करा. लहानग्यांना दोन्ही हातांनी, पायांमधून टाकू द्या.

आता खेळ. साहित्य तेच राहतं, गुण मोजायची रीत बदलली की मुलं खेळही वेगळा खेळतात. माझ्या मते सगळी गंमत इथंच आहे.

सगळ्यात सोपा बदल म्हणजे राखणदार. सहांपैकी एका बाटलीला रंगीत कागद गुंडाळा. तीन चेंडूंत बाकीच्या पाच पाडायच्या. रंगीत पडली तर त्या डावाचे गुण शून्य. आधी ती मागच्या कोपऱ्यात ठेवा, जमायला लागलं की मागच्या ओळीच्या मधोमध. आता जोरात टाकणाऱ्याचा फायदा संपतो, मुलं रेघेवर डावी-उजवीकडे सरकून कोन शोधू लागतात. वर्गात एखाददुसरं ताकदवान मूल सगळं जिंकत असेल तेव्हा हाच खेळ काढा.

दुसरा खेळ फिनलंडच्या मोल्की या खेळावरून घेता येतो. मूळ खेळात १ ते १२ आकडे घातलेल्या लाकडी पिनांवर लाकडी दांडका फेकतात. एकच पिन पडली तर तिच्यावरचा आकडा मिळतो, जास्त पडल्या तर जितक्या पडल्या तितके गुण. पडलेली पिन जिथं पडली तिथंच उभी करायची. नेमके ५० झाले की जिंकलात, ओलांडले तर गुण २५ वर येतात. आपल्या सहा बाटल्यांना १ ते ६ आकडे द्या, लक्ष्य २५, ओलांडलं तर १२. सुरुवातीला बाटल्या एकत्र असताना एकीलाच पाडणं कठीण, म्हणून थोडेथोडे गुण जमतात. हळूहळू बाटल्या पांगतात आणि मग एकटी उभी असलेली ६ नंबरची खुणावू लागते. २१ गुणांवर असलेल्या मुलानं ४ ची बाटली पाडावी की कुठल्याही चार एकदम, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. मूळ नियमात सलग तीनदा काहीच न पडल्यास खेळाडू बाद होतो. तो नियम वर्गात घेऊ नका, जे मूल आधीच चुकतंय त्याला बसवून ठेवण्यात काय अर्थ? तिसऱ्या चुकीनंतर त्याला एक मीटर पुढून टाकू द्या.

तिसरा, सगळ्यांचा मिळून : १३ जागांनी चार मिनिटांत एकूण ३०० बाटल्या पाडायच्या. हा आकडा बॉलिंगमधल्या सर्वोच्च गुणांचा. अर्ध्या मिनिटाला एक चेंडू धरला तर १०४ चेंडू होतात, म्हणजे दर चेंडूला जेमतेम तीन बाटल्या पडायला हव्यात. लक्ष्य अगदी काठावरचं आहे, आणि मुलांना लवकरच कळतं की वेळ टाकण्यात नाही, उभं करण्यात जातो. घाईत मुलं रेघ ओलांडतात, म्हणून ओलांडून टाकलेला चेंडू मोजायचा नाही.

मोकळं मैदान असेल तर दोन संघांची लढतही घेता येते. २०-२० मुलं, मध्ये रेघ, प्रत्येक संघाच्या मागच्या रेघेवर १२ बाटल्या, खेळात आठ-दहा मऊ चेंडू. आपल्या अर्ध्यातूनच टाकायचं, फक्त घरंगळत. चेंडू गुडघ्याच्या वर उडाला तर टाकणाऱ्या संघानं पाडलेली एक बाटली पुन्हा उभी राहते. राखणाऱ्यांनी बाटल्यांपासून दोन मीटर पुढेच थांबायचं, नाहीतर सगळे भिंत करून उभे राहतात आणि खेळ अडतो. तीन मिनिटांचा एक डाव पुरे.

मोठ्या मुलांना स्ट्राइक (पहिल्याच चेंडूत सगळ्या पडणं) आणि स्पेअर (दोन चेंडूंत मिळून सगळ्या पडणं) यांची खरी मोजणी जरूर शिकवा. सहा बाटल्यांत स्ट्राइकला ६ अधिक पुढच्या दोन चेंडूंचे गुण, स्पेअरला ६ अधिक पुढच्या एका चेंडूचे. दहा फ्रेमचे, म्हणजे दहा पाळ्यांचे, सर्वोच्च गुण १८० होतात. पाचवीच्या खाली ही मोजणी डोक्यावरून जाते, तिथं नुसत्या पडलेल्या बाटल्या मोजा.

व्हीलचेअरवरच्या किंवा हाताची पकड कमी असलेल्या मुलासाठी वेगळा खेळ शोधू नका, उतरण बनवा. दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या समांतर बांधा, मधलं अंतर चेंडूच्या व्यासाच्या निम्मं, एक टोक खुर्चीवर, दुसरं जमिनीवर. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये असलेल्या बोचिया या चेंडू लक्ष्याजवळ नेण्याच्या खेळात अशीच उतरण वापरतात, आणि तिथं मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसतो, म्हणजे नेम खेळाडूचाच राहतो. वर्गातही तसंच करा : दिशा आणि उंची त्या मुलानं सांगायची, मित्रानं सांगितल्याप्रमाणे उतरण फिरवायची. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा, म्हणजे तो कुठून जातोय ते ऐकू येतं, आणि बाटल्यांच्या मागे बाजूला उभं राहून एकानं टाळ्या वाजवाव्यात.

बाहेर जाता आलं नाही तर बाकं भिंतीला लावा, कागदी पेले आणि टेनिसचे चेंडू घ्या. पेले उपडे, तीन मीटर अंतर. मात्र इथं वीतभर अंतर ठेवलंत तर चेंडू मधल्या फटीतून निघून जाईल, म्हणून दोन पेल्यांच्या कडांमध्ये तीन बोटांपेक्षा जास्त जागा सोडू नका.