उलटीचा रंग लिहीत जा

नागपूर

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "मॅडम, लहान मुलांच्या वॉर्डात पोस्टिंग लागलं, सलाइन लावायला शीर सापडली नाही तर काय करू?" शीर सापडेल. सहा महिन्यांत हात बसतो, सगळ्यांचाच बसतो. मला तुला वेगळंच सांगायचं आहे आणि ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

पोटाचा आजार झालेलं तान्हं लेकरू तोंडानं काहीच सांगत नाही. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, किती दुखतं, काही नाही. त्याला जे सांगायचं ते ओकारीतून आणि लंगोटातून येतं. डॉक्टर राउंडला येऊन जातात, तू आठ तास ड्युटीवर असतेस, आणि आई चोवीस तास त्याच्याजवळ. म्हणजे त्या लेकराची बातमी आईच्या तोंडून तुझ्या कानावर आणि तुझ्या पेनातून कागदावर यायला हवी. ही वाट मध्येच तुटली की काय होतं, ते मी पाहिलं आहे.

मी तेव्हा तुझ्याएवढीच होते. रात्रपाळी होती, एक चार दिवसांचा मुलगा दाखल होता. मध्यरात्रीनंतर तो ओकला. आई म्हणाली, "सिस्टर, लेकरानं हिरवं ओकलं ना." मी फडक्यानं तोंड पुसलं, त्याला कुशीवर वळवलं आणि चार्टवर लिहिलं, 'उलटी – १'. साडेतीनला पुन्हा ओकला. मी लिहिलं, 'उलटी – २'. ड्युटी संपली, पुढच्या पाळीला ओव्हर देतानाही मी तेवढंच सांगितलं. सकाळी सर्जन आले, चार्ट पाहिला आणि विचारलं, "रंग कोणता होता?" फडकं अजून पाळण्याच्या दांडीवर होतं. त्याचा कोपरा पालकाच्या रसासारखा हिरवा. पोटात आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशनला घेतलं तेव्हा बहुतेक आतडं काळं पडलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आईनं मला वेळेवर सांगितलं होतं. मी ते लिहिलं नाही, कुणाला उठवलं नाही.

म्हणून हे आधी पाठ कर. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत, सर्जरीची तातडी. आतडं जन्मतः नीट बसलेलं नसलं की ते स्वतःभोवती फिरतं, त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि मग हिशेब तासांचा राहतो. दूध बंद कर, तोंडातून नळी घालून पोट रिकामं ठेवायची तयारी कर आणि ड्युटी डॉक्टरांना उठव. ते चिडले तरी उठव. पहिल्या दिवसांत आईचा चीक पिवळा असतो, त्यामुळे पिवळसर उलटीवरून गोंधळ होतो. शंका आली तर फडकं टाकू नकोस, पारदर्शक पिशवीत घालून त्यावर वेळ लिही आणि राउंडला दाखव. माझ्या वॉर्डात नंतर ही पद्धतच पडली. मावशी सुरुवातीला नाक मुरडायच्या, पुढे त्याच मला हाक मारून फडकं दाखवू लागल्या.

पांढऱ्या उलटीचीही गोष्ट असते. तीन ते सहा आठवड्यांचं बाळ, बहुधा मुलगा, दूध पिऊन झालं की कारंज्यासारखं लांब ओकतो आणि ओकून लगेच पुन्हा भुकेनं तोंड वळवतो. जठराचं खालचं तोंड जाड होऊन दूध पुढे सरकत नाही, म्हणून असं होतं. त्यात हिरवा रंग नसतो, कारण पित्त अडथळ्याच्या पलीकडे राहतं. 'हिरवी नाही' हेसुद्धा लिहायचं असतं ते यासाठी.

शीचा रंगही तसाच. दोन आठवड्यांच्या पुढे कावीळ राहिली, लघवी लंगोटाला डाग पाडते आहे आणि शी मात्र चुन्यासारखी पांढुरकी आहे, तर त्या बाळाला उन्हं दाखवत बसायचं नाही. पित्तनलिका बंद असू शकते. तिच्यावरचं कासाई ऑपरेशन बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत झालं तर फायद्याची शक्यता जास्त. आपल्याकडे काविळीची माळ गळ्यात घालून दीड-दीड महिना घरी ठेवलेली बाळं येतात. माळ काढायला लावू नकोस, त्यावर वादही घालू नकोस. लंगोट मागून बघ आणि तारखा मोज.

सहा महिने ते दोन वर्षांचं गुटगुटीत लेकरू अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, पांढरं पडतं, मग दहा-पंधरा मिनिटं शांत झोपल्यासारखं पडून राहतं, पुन्हा किंचाळतं. आई म्हणते, "माह्या लेकराचं रडणं येगळं आहे, सिस्टर." ते वाक्य जसंच्या तसं चार्टवर लिही. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरला असण्याची शक्यता आहे. लाल जेलीसारखी शी उशिरा दिसते, तिची वाट पाहायची नसते. लवकर कळलं तर बऱ्याच मुलांचं आतडं गुदद्वारातून हवा किंवा सलाइनचा दाब देऊन, पोट न कापता, जागेवर येतं.

प्रसूतिकक्षात तुझी बदली झाली तर आणखी तीन गोष्टी. गुदद्वार डोळ्यांनी बघ, 'नॉर्मल' असं न बघता लिहू नकोस. पहिली काळी शी कधी झाली ती वेळ टाक. अठ्ठेचाळीस तास उलटले आणि शी नाही, पोट फुगतंय, तर कळव. आणि तोंडातून सारखा फेस येत असेल तर दूध पाजू नकोस. अन्ननलिका वरच संपत असेल तर ते दूध फुफ्फुसात जातं. डोकं उंच ठेव, लाळ नळीनं ओढत राहा.

आता जुलाब. तुझ्या वॉर्डात निम्मं काम हेच असेल, त्यातही मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की आणि पुन्हा पावसाळ्यात. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून शिवनी, बालाघाटपर्यंतची पोरं येतात. इथे येईपर्यंत कुणाचे दोन, कुणाचे तीन दिवस गेलेले असतात. टाळू बसलेली, डोळे खोल, रडलं तरी पाणी नाही.

नवीन मुलींना वाटतं, सलाइन म्हणजे खरा उपचार आणि ओआरएस, म्हणजे पाकिटातलं मीठ-साखरेचं पाणी, ही नुसती वेळ मारून नेणं. हे डोक्यातून काढ. सलाइन लागतं ते बेशुद्धावस्थेकडे गेलेल्या, पिऊच न शकणाऱ्या लेकराला. तिथे रिंगर लॅक्टेट नावाचं सलाइन वजनाच्या किलोमागे १०० मिली जातं. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातले पहिले ३० एका तासात आणि उरलेले ७० पाच तासांत. मधल्या पायरीवरच्या, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेल्या पण पिऊ शकणाऱ्या मुलाला मात्र तोंडानंच पाणी भरून काढायचं, किलोमागे ७५ मिली, चार तासांत.

आकडा मोठा वाटतो ना? आठ किलोचं मूल धर. ६०० मिली झाले. म्हणजे दर दोन मिनिटांनी पाच मिलीचा एक चमचा, चार तासांत १२० चमचे. हे तू एकटी वीस खाटांवर करू शकत नाहीस, आई करू शकते. एका उन्हाळ्यात भंडाऱ्याकडची एक बाई वाटी घेऊन बसली होती. पहिल्या चार चमच्यांनंतर पोरगी ओकली. बाई म्हणाली, "कायले देता आता, उलटून टाकते ना ते." मी म्हटलं, दहा मिनिटं थांब, मग परत सुरू कर, अजून हळू. मी फळीवर खडूनं रेघा मारून दिल्या, दर दहा चमच्यांना एक रेघ. पहाटे मुलीनं दुपटं ओलं केलं. ते ओलं दुपटं त्या बाईनं मला दोन्ही हातांनी उचलून दाखवलं. मोजायला शिकलेल्या आईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं पाणी पिंपातून वाटलं. पाजणारे नातेवाईकच होते. मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. यामागचं कारण आयांनाही सांगता येतं. जुलाबातही आतडं साखर शोषतं, साखर आत जाताना मिठाला सोबत नेते आणि मिठामागे पाणी जातं. म्हणून प्रमाण बिघडवायचं नाही. मोठं पाकीट एक लिटरचं, पूर्ण एक लिटरमध्येच, तयार पाणी चोवीस तासांत संपवायचं. पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट अंदाजानं टाकलं तर मिठाचं प्रमाण वाढून लेकराचा जीव धोक्यात येतो. दुकानातल्या गोड पेयांवरही नजर ठेव. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली, पण घरात जुनी सवय राहतेच. आईला त्या पेयाचा डबा आणायला सांग आणि लेबल स्वतः वाच.

झिंक चौदा दिवस द्यायचं, सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांत १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आया गोळ्या बंद करतात, म्हणून सुट्टी देताना तारीख लिहून दे. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. जुलाब थांबवायची गोळी लहान मुलाला नाही, आणि अँटिबायोटिक प्रत्येक जुलाबाला नसतं. कुपोषित मुलाच्या बाबतीत मात्र थांब आणि विचार. पाणी कमी झालंय का ते कातडीची चिमटी घेऊन पाहतात, पण त्याची कातडी तशीही चिमटीत राहते, त्यावर विसंबून भराभर सलाइन दिलं तर हृदय झेपवत नाही.

आजी म्हणेल, "उन्हाळा आहे, माठातलं दोन चमचे पाणी दिलं त काय झालं?" सहा महिन्यांच्या आतल्या निरोगी बाळाला नागपूरच्या उन्हातही आईचंच दूध पुरतं. घुटी उगाळलेली सहाण, मधाचं बोट, यांतून जुलाब आत येतात. मेळघाटातून आलेल्या एखाद्या बाळाच्या पोटावर चटक्यांचे डाग दिसतील, डंबा दिलेला असतो. तुझ्या चेहऱ्यावर राग दिसला तर ती बाई पुढचं काही सांगणार नाही. पोट फुगलेलं पाहून तिला भीती वाटली म्हणून तिनं ते केलं. जखमेची काळजी घे, आणि पोट कधी फुगलं, शी कधी बंद झाली ते विचार.

हातकामाच्या काही गोष्टी. लंगोट कोरडं असताना वजन कर, ओलं झाल्यावर पुन्हा कर. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे एक मिली लघवी. पोटात घालायची नळी मोजताना नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाचं टोक व बेंबी यांच्या मध्यापर्यंत. नळी पोटातच आहे का हे ठरवायला हवा मारून आवाज ऐकण्यावर भरवसा ठेवू नकोस, नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचा आकडा) ५.५ किंवा त्याखाली आला पाहिजे. दूध पिचकारीनं दाबू नकोस, नळीला जोडून उंच धर, आपोआप जाऊ दे. जुलाबानं सोलवटलेल्या ढुंगणाला पावडर नको. साध्या पाण्यानं धू, टिपून कोरडं कर, थोडं उघडं ठेव, झिंक ऑक्साइडचा जाड थर लाव. कोलोस्टोमीचं, म्हणजे शी पिशवीत यावी म्हणून पोटावर काढलेल्या आतड्याचं, तोंड लाल आणि ओलं असावं. जांभळं किंवा काळं दिसलं की त्याच मिनिटाला सांग. ती पिशवी आईनं तुझ्यासमोर तीनदा बदलल्याशिवाय तिला घरी पाठवू नकोस. पहिल्यांदा बाप लांब उभा राहतो, त्यालाही बोलाव.

उपाशी ठेवलेल्या बाळाची आई फार विसरली जाते. बाळाचं तोंड बंद असलं तरी तिनं दर दोन-तीन तासांनी दूध पिळायला हवं, नाहीतर बाळ प्यायला लागेपर्यंत दूध आटून जातं. तिला वाटी दे, आडोसा दे.

आणि ओढून न पिणाऱ्या, किंवा तोंडातल्या टाळूला फट असलेल्या बाळासाठी बाटली आणू देऊ नकोस, बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, वापर. बाळाला उभट धरायचं, थेंब थेंब, गिळलं की पुढचा. वॉर्डात नसेल तर इतवारीत भांड्यांच्या दुकानात मिळतं. स्टीलचं घे, उकळता येतं. माझ्याकडे एक आहे, रविवारी दुपारनंतर ये आणि घेऊन जा. येताना तुझ्या वॉर्डाचा कोरा चार्टही आण. उलटीच्या रकान्यात रंगासाठी जागा आहे का, ते मला पाहायचं आहे.

तुझी,
मॅडम