प्रश्न तुमचे : ओमानचं पाणी, वाळू आणि कारभार

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात मस्कतला कुणी गेलेलं नाही असं गाव सापडणं कठीण. ओमानबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

राजापूरहून : ओमान वाळवंटी देश, मग जुलैत सलालाहचे डोंगर आपल्या घाटासारखे हिरवेगार कसे? आपलाच पाऊस तिथे जातो का?

वारा आपलाच, नैऋत्य मोसमी. पण सलालाहला तो किनाऱ्याला जवळपास समांतर वाहतो आणि समुद्राचं वरचं ऊन पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो. त्या जागी खालचं गार पाणी वर येतं. त्यावरून येणारी दमट हवा थंडावते आणि धुकं होऊन किनाऱ्याला लागते. तिच्या डोक्यावर रुब अल-खाली वाळवंटातून आलेल्या तापलेल्या, कोरड्या हवेचं झाकण असतं. त्यामुळे ढगांना उंच चढता येत नाही आणि धो धो पाऊस न पडता नुसती भुरभुर चालते. कोकणात तोच वारा सह्याद्रीवर चढतो, म्हणून आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि सलालाहला शंभरच्या आसपास.

एवढ्यावर हिरवळ टिकते ती झाडांमुळे. धुक्याचे कण पानाफांद्यांवर अडकतात आणि थेंब होऊन बुंध्याशी गळतात. उघड्या माळाला मिळतं त्याहून कितीतरी जास्त पाणी झाडाखालच्या मातीला मिळतं. या जंगलातलं मुख्य झाड आपल्या धावड्याच्या कुळातलं आहे. उंट आणि गुरं बेसुमार चरली, झाडं गेली, की धुकं अडवायला काही उरत नाही आणि नवं रोप मूळ धरत नाही. तिथल्या जंगलाचं खरं दुखणं हे आहे.

हा हंगाम, म्हणजे खरीफ, साधारण 21 जून ते 21 सप्टेंबर. डोंगराची धार ओलांडली की लगेच दगडी माळ लागतो. लोबानाचं उत्तम झाड धुक्यात वाढत नाही, या कोरड्या बाजूलाच वाढतं. साल तासतात, पांढरा चीक येतो, तो सुकायला दोनेक आठवडे सोडतात. पहिल्या वेळचा चीक हलका मानतात, पुढच्या खेपांचा माल चांगला.

गुहागरहून, एक सुपारी बागायतदार : डोंगरापलीकडे इतका कमी पाऊस, तर खजुराच्या बागा शिंपतात कशावर?

फलजवर, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं पाणी नुसत्या उतारावर गावात आणणारा पाट. ओमानात असे तीन हजारांहून जास्त पाट अजून वाहते आहेत. त्यातले पाच 2006 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. निझवा शहराचा फलज दारिस त्यांपैकीच.

पायथ्याशी मूळ विहीर खणतात आणि पाणी लागलं की तिथून गावापर्यंत भुयारी पाट नेतात. उतार अगदी थोडा ठेवावा लागतो. जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं आणि भुयार ढासळतं, कमी झाला तर गाळ बसतो. ठरावीक अंतरावर वरून उभी विवरं असतात, त्यांतून माणूस उतरून गाळ काढतो. पाट गावात उघडा होतो तिथे आधी पिण्याचं पाणी, मग मशीद आणि अंघोळीची जागा, नंतर शेती. शेतीतही पहिला मान खजुराला. हंगामी पिकं शेवटी, कारण पाणी आटलं तर एक पीक सोडून देता येतं, झाड सोडता येत नाही.

पाण्याची वाटणी वेळेवर होते. अथर हे माप साधारण अर्ध्या तासाचं. पूर्वी दिवसा काठीची सावली आणि रात्री तारे पाहून पाळी मोजत. काही पाळ्या लिलावात विकतात आणि तो पैसा डागडुजीला लावतात.

बिघडलं ते पंपांनी. बातिना किनाऱ्यावर, मस्कतच्या वायव्येला, विहिरींतून इतका उपसा झाला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरलं आणि लिंबाच्या, खजुराच्या बागा सुकल्या. समुद्रालगत नारळ-सुपारीच्या वाडीत नवी बोअर मारण्याआधी हे ध्यानात ठेवावं. भरतीच्या वेळी आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्याचा खारटपणा तपासून घ्या.

चिपळूणहून : मुलगा निझवाला गाडी चालवतो. वाळवंटातली कोणती काळजी घ्यायला सांगावी?

वाळूआधी पुराची. निझवालगतच्या हजर पर्वताचा बराचसा भाग उघडा खडक आहे, माती थोडी, त्यामुळे पाणी मुरतच नाही. वीस-तीस किलोमीटरवर डोंगरात पाऊस झाला की इथे कोरडं ऊन असताना नदीच्या सुक्या पात्रातून, म्हणजे वादीतून, लोंढा येतो. वादी जिथे रस्ता ओलांडते तिथे पाणी वाहत असेल तर थांबायचं, ओसरेपर्यंत. गुडघाभर वाहतं पाणीही गाडी उचलून नेतं. वाहत्या वादीत गाडी घालणं ओमानात गुन्हा आहे. पात्रात गाडी लावून जेवायला बसणं, रात्री तंबू ठोकणं, दोन्ही टाळायला सांगा.

शरकिया वाळूपट्ट्यात जायचं तर फोर बाय फोर हवी, तीही एकटी नको, दोन गाड्या. डांबरी रस्ता सोडताना चाकांतली हवा नेहमीच्या 32-35 पीएसआयवरून 15-18 वर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. अशा टायरवर वेगात वळण घेतलं तर टायर रिममधून निखळतो. गाडी रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबत राहू नये, चाक आणखी खाली जातं. चाकांपुढची-मागची वाळू हातांनी काढा, हवा अजून दोन-तीन पीएसआय कमी करा आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे घ्या. परत रस्त्यावर येताच हवा भरायची. कमी हवेच्या टायरवर वेगात पळवलं तर तो तापून फुटतो. पिण्याचं पाणी माणशी, दिवसाला किमान पाच लिटर, रेडिएटरसाठी लागेल ते वेगळं.

जबल अखदर या डोंगरावर जाताना बिरकत अल-मौझच्या पोलीस नाक्यावरून फोर बाय फोर नसलेली गाडी परत पाठवतात. उतरताना खालचा गिअर, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात.

अलिबागहून : सुलतानाचं राज्य आहे, मग तिथे निवडणुका कसल्या होतात?

मजलिस अल-शूरा या सभागृहाच्या. 2023 च्या ऑक्टोबरात 90 सदस्य निवडले गेले, मतदान मोबाइल अॅपवर झालं. पक्षांना परवानगी नाही, उमेदवार व्यक्ती म्हणून उभे राहतात. दुसऱ्या सभागृहात, मजलिस अल-दौलात, सुलतान नेमणुका करतात. 2011 साली सोहारला निदर्शनं झाली, त्यानंतर शूराला कायद्यांच्या कामात थोडे जास्त हक्क मिळाले. तरी अखेरचा शब्द सुलतानाचा.

सुलतान काबूस 1970 पासून जानेवारी 2020 पर्यंत गादीवर होते. त्यांना अपत्य नव्हतं. त्यांनी बंद पत्रात वारसाचं नाव लिहून ठेवलं होतं. घराण्यासमोर ते उघडलं गेलं आणि चुलतभाऊ हैथम बिन तारिक सुलतान झाले. त्यांनी 2021 च्या नव्या मूलभूत कायद्यात युवराजपद आणलं, आता गादी थोरल्या मुलाकडे जाते.

परदेशी माणसाला मत नाही आणि सुलतानावर टीका गुन्हा ठरते. तिथे असताना व्हॉट्सअॅपवर आलेलं काहीही पुढे ढकलू नये.

देश आकाराने जवळपास महाराष्ट्राएवढा, वस्ती पन्नास लाखांच्या आसपास आणि त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त परदेशी. ओमानी म्हणजे फक्त अरब असंही नाही. बलुची आहेत, झांजिबारहून परतलेल्या घरांत स्वाहिली बोलतात, धोफारात, म्हणजे सलालाहच्या भागात, मेहरी आणि जिबाली. कच्छी भाटिया व्यापाऱ्यांची घराणी पिढ्यान् पिढ्या तिथे आहेत, मस्कतला शंकराचं आणि कृष्णाचं देऊळही आहे.

दापोलीहून : भाच्याला मस्कतच्या नोकरीसाठी एजंट दीड लाख मागतो. व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे पोचल्यावर बदलून देतो म्हणतो. पाठवावं का?

नको. भारतात नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये, एवढीच फी घेता येते. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा, पकडला तर भाचा अडकतो, एजंट नव्हे.

आधी एजंटचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. भाचा दहावी झालेला नसेल आणि पासपोर्ट ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असेल, तर ओमानला जाण्याआधी एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी परदेशी जायची सरकारी परवानगी, घ्यावाच लागतो. प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी त्यातच काढली जाते.

करार हातात आला की आकडा नीट वाचा. ओमानी रियालचे हजार बैसे होतात, म्हणून पगार 150.000 असा लिहितात. तो दीडशे रियाल, दीड लाख नव्हे. मूळ पगार आणि भत्ते वेगळे लिहिलेले हवेत. एकूण आकडा मोठा दाखवून मूळ पगार कमी ठेवला असेल, तर त्यावर हिशोब होणारे पैसे कमी मिळतात. 2023 च्या कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला चाळीस तास काम आहे. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. मालकाला पासपोर्ट अडकवून ठेवता येत नाही. 2021 पासून करार संपल्यावर दुसरीकडे जायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्रही लागत नाही.

कराराची, व्हिसाची आणि पासपोर्टची एकेक प्रत घरी ठेवून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर घरचा माणूसही ती नोंदवू शकतो.