टॉम पिडकॉकने रस्ता, चिखल आणि डोंगर यांपैकी एकच प्रकार निवडला असता तर तो आणखी मोठा झाला असता का?

तुमचा प्रश्न पुन्हा थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. ब्रिटिश सायकलपटू टॉम पिडकॉक रोड (डांबरी रस्ता), सायक्लोक्रॉस (चिखल) आणि माउंटन बाइक (डोंगर) या तिन्ही शर्यतींत उतरतो. एकाच प्रकारात राहिला असता तर आज तो आणखी वर असता का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय हे तेरा वर्षांच्या भाचीसाठी विचारताय, कारण तिच्या तीन-तीन प्रकारांच्या हौसेला घरचे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणतात.

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. तो वर आला तोच या तिन्हींच्या जोरावर. एका जागी मात्र त्याला याची किंमत मोजावी लागली, आणि ती लपवून ठेवली तर तुमच्या भाचीवर अन्याय होईल. तिच्याबद्दलही शेवटी लिहितो.

आधी एक प्रसंग. २९ जुलै २०२४, पॅरिस ऑलिम्पिक, एलांकूरच्या टेकडीवर माउंटन बाइकची शर्यत. पिडकॉक गतविजेता. शर्यतीच्या मध्याला त्याचं पुढचं चाक पंक्चर झालं. चाक बदलून निघेपर्यंत तो आघाडीपासून सुमारे चाळीस सेकंद मागे पडला होता. या खेळात चाळीस सेकंद म्हणजे पुढचा माणूस दिसेनासा होतो. तरी एकेकाला मागे टाकत तो फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीपर्यंत पोचला. शेवटच्या फेरीत कोरेत्स्की पुन्हा पुढे गेला. मग झाडीतल्या उतारावर वाट एका झाडापाशी दुभंगत होती. कोरेत्स्की एका बाजूने गेला, पिडकॉकने क्षणात दुसरी बाजू धरली आणि वाटा जिथे परत मिळतात तिथे तो पुढे घुसला. दोघांचा धक्का लागला, कोरेत्स्कीचा पाय पेडलवरून सुटला. नऊ सेकंदांच्या फरकाने सुवर्ण. घरच्या खेळाडूचं सुवर्ण हुकलं म्हणून फ्रेंच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, तीही माझ्या कानात आहे.

त्या झाडापाशी त्याने जे केलं त्याला नुसती हिंमत म्हणून मी मोकळा होणार नाही. ती सवय आहे, आणि ती सायक्लोक्रॉसमध्ये लागते. सायक्लोक्रॉस म्हणजे ऐन थंडीतली, तासाभराची शर्यत. अडीच ते साडेतीन किलोमीटरचा फेरा पुन्हा पुन्हा मारायचा. चिखल, वाळू, गवताचे तिरके उतार, चाळीस सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या फळ्या. सायकल खांद्यावर टाकून पळत चढायचे चढही असतात. टायर जेमतेम ३३ मिलिमीटर रुंद, सस्पेन्शन नाही. आणि पहिल्या फेरीत जी वाट कोरडी होती ती पाचव्या फेरीत चाकांनी चिरून लोणी झालेली असते. त्यामुळे प्रत्येक फेरीला जमीन नव्याने वाचावी लागते. श्वास तुटेस्तोवर धावताना, नाडी टोकाला गेलेली असताना, पुढच्या दहा फुटांत चाक कुठे टाकायचं हे ठरवावं लागतं. हा अभ्यास ज्याने शाळकरी वयापासून हजारो वेळा केलाय, त्याला एलांकूरचं ते झाड संकट म्हणून दिसलं नसणार. त्याला तिथे मोकळी जागा दिसली.

आता तो वर कसा चढत गेला ते. जन्म ३० जुलै १९९९, इंग्लंडमधल्या लीड्सचा. उंची साधारण पाच फूट सात इंच, अंगकाठी किरकोळ. २०१७ हे त्याचं पहिलं मोठं वर्ष, आणि त्या एका वर्षाची यादीच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. जानेवारीत लक्झेंबर्गमध्ये तो सायक्लोक्रॉसचा ज्युनियर विश्वविजेता झाला. पहिले तिन्ही क्रमांक ब्रिटिश मुलांनी घेतले होते. वसंतात ज्युनियर पॅरिस-रुबे जिंकली, म्हणजे दगडी फरशांवरची, हाडं खिळखिळी करणारी शर्यत. सप्टेंबरात नॉर्वेतल्या बर्गेनला वैयक्तिक टाइम ट्रायलचा, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने धावायच्या शर्यतीचा, ज्युनियर विश्वविजेता. चिखल, दगड आणि घड्याळ, सगळं अठरा वर्षांच्या आसपास. त्याला तेव्हा कुणी ‘आता एक निवड’ म्हटलं असतं, तर यातलं काय सोडायला सांगितलं असतं?

२०१९ साली २३ वर्षांखालचं सायक्लोक्रॉसचं विश्वविजेतेपद डेन्मार्कमधल्या बोगेन्सेला, मग त्याच वयोगटातली पॅरिस-रुबे. सगळं चढतं चाललं होतं आणि ऑगस्टमध्ये तूर द लाव्हनीर या फ्रान्समधल्या तरुणांच्या शर्यतीत तो तोंडावर आपटला. चेहऱ्याला मार, दात तुटले. पुढच्याच महिन्यात यॉर्कशरमध्ये, त्याच्या घरच्या रस्त्यांवर, रोडची जागतिक स्पर्धा होती. तिथे तो पावसात चौथा आला, पहिला आलेला नेदरलँड्सचा खेळाडू नंतर बाद ठरला आणि पिडकॉकला कांस्य मिळालं. लोक त्याच्या सुवर्णांबद्दल बोलतात, पण माझ्या लेखी तो खरा कोण आहे हे त्या कांस्याने दाखवलं.

२०२० मध्ये तर त्याने कमालच केली. सायक्लोक्रॉसच्या वरिष्ठ जागतिक स्पर्धेत, विशीत, नेदरलँड्सच्या मॅथ्यू व्हॅन डर पूलच्या मागे दुसरा. उन्हाळ्याच्या शेवटी तरुणांची जिरो द इतालिया जिंकली, म्हणजे डोंगरातली अनेक टप्प्यांची रोड शर्यत. आणि ऑक्टोबरात ऑस्ट्रियातल्या लिओगांगला माउंटन बाइकचं २३ वर्षांखालचं विश्वविजेतेपद.

या ठिकाणी जरा थांबून एक गैरसमज दूर करायला हवा. तीन प्रकार म्हणजे तीन वेगळे खेळ, आणि वेळेचे तीन तुकडे, असं बाहेरून वाटतं. पण ऋतू वेगळे आहेत: सायक्लोक्रॉस शरद ते हिवाळा, मग वसंतातल्या एकदिवसीय रोड शर्यती, मग माउंटन बाइक किंवा तीन आठवड्यांचे दौरे. त्यातून शरीराकडून जे मागितलं जातं तेही एकमेकांत मिसळलेलं आहे. सायक्लोक्रॉस आणि माउंटन बाइक दोन्हींत पहिल्या मिनिटापासून जीव खाऊन निघावं लागतं, पुन्हा पुन्हा छोटे, तीव्र जोर लावावे लागतात, आणि दमलेल्या हातांनी सायकल सांभाळावी लागते. रोडमधून पाच-सहा तास टिकण्याचा पाया मिळतो. मी स्वतः आधी वर्षानुवर्षं फक्त डांबरावर शर्यती केल्या आणि मातीत फार उशिरा उतरलो. पायांत ताकद होती, पण ओल्या मुळांवरून उतरताना हात ब्रेकवर गोठायचे. ते वय गेल्यावर शिकता येतं, पण अंगात मुरत नाही.

हा मिलाफ सगळ्यात स्पष्ट दिसला १४ जुलै २०२२ ला. तूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या दौऱ्याचा बारावा टप्पा, ब्रिआँसोंहून आल्प द्युएझ. पिडकॉकची ती पहिलीच तूर. २६४२ मीटर उंचीच्या गालिबिए घाटावरून तो मुख्य घोळक्यातून सुटला आणि असा उतरला की वळणावर इतर जिथे ब्रेक धरत होते तिथे तो कारच्या मागूनही वाट काढत होता. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. त्या उताराच्या जोरावर त्याने पुढच्या तुकडीला गाठलं. मग एकवीस वळणांच्या त्या शेवटच्या चढावर सुमारे दहा किलोमीटर एकटा. आल्प द्युएझवर जिंकणारा तो सर्वांत तरुण खेळाडू ठरला. त्या टप्प्याचा अर्धा विजय उतारावरचा होता, आणि तो उतार त्याला रोडने शिकवलेला नव्हता.

त्याआधीचं टोकियो ऑलिम्पिक विसरू नका. मे २०२१ मध्ये माउंटन बाइकच्या विश्वचषक मालिकेत त्याच्याकडे पुरेसे गुणच नव्हते, म्हणून बऱ्याच मागच्या रांगेतून सुटायचं. जर्मनीतल्या आल्बश्टाटला तसाच मागून येऊन पाचवा, आणि पुढच्या आठवड्यात चेकियातल्या नोव्हे मेस्तोला थेट पहिला, व्हॅन डर पूल दुसरा. महिन्याच्या शेवटी सरावात गाडीची धडक बसून कॉलरबोन मोडली. दोन महिन्यांच्या आत, २६ जुलैला, जपानमधल्या इझूच्या मार्गावर ऑलिम्पिक सुवर्ण. चार दिवसांनी त्याला बावीस वर्षं पूर्ण होणार होती. पुढच्या जानेवारीत अमेरिकेतल्या फायेटव्हिलला सायक्लोक्रॉसचं वरिष्ठ विश्वविजेतेपद, ब्रिटिश पुरुषांतलं पहिलंच. (व्हॅन डर पूल आणि बेल्जियमचा वाउट व्हॅन आर्ट, म्हणजे या प्रकारातले दोन दिग्गज, त्या दिवशी नव्हते, हे खरं आहे आणि सांगायला हवं.)

आता किंमत. तीन आठवड्यांच्या दौऱ्यांत एकूण क्रमवारीसाठी (सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून ठरणारी) लढायचं तर वर्षभर तेवढ्या एकाच गोष्टीभोवती फिरावं लागतं: वजन, उंचीवरचे सराव, लांब घाट, रोजच्या रोज सावरणं. तिथे पिडकॉक बराच काळ मागे राहिला. २०२३ च्या तूरमध्ये तेरावा. एवढ्या गुणी खेळाडूसाठी तो आकडा अनेकांना खटकला, मलाही खटकला होता. २०२४ च्या तूरमधून कोविडची लक्षणं दिसल्याने तो मध्येच बाहेर पडला आणि अवघ्या सोळा दिवसांनी एलांकूरला उभा राहिला. त्या वर्षअखेर त्याने मोठा संघ सोडून लहान संघ धरला. तेव्हा ‘आता हा संपला’ असं बोलणारे बरेच होते. २०२५ च्या व्हुएल्ता एस्पान्यात, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या दौऱ्यात, तो योनास विंगेगार आणि जोआँव आल्मेइदा यांच्या मागे तिसरा आला. अशा दौऱ्यात पहिल्या तिघांत येण्याची त्याची ही पहिलीच वेळ, सव्विसाव्या वर्षी. उशीर झाला का? फक्त घाटांवर राहिला असता तर कदाचित तीन वर्षं आधी आला असता. पण मग गळ्यात दोन ऑलिम्पिक सुवर्णं नसती. माझ्या तराजूत हा सौदा नुकसानीचा नाही.

आणि तो सगळं एकदम कधीच करत नाही, हे लक्षात घ्या. २०२३ च्या फेब्रुवारीत स्वतःचं सायक्लोक्रॉसचं विश्वविजेतेपद राखायला तो गेलाच नाही, रोडची तयारी करत बसला. मार्चमध्ये इटलीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरची स्ट्राडे बियांके एकट्याने जिंकली. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या जंगलात माउंटन बाइकचा विश्वविजेता. म्हणजे दरवर्षी काहीतरी मुद्दाम बाजूला ठेवतो. घरचे ज्याला चिंध्या म्हणतात त्यात हे बाजूला ठेवणं नसतं. फरक तिथे आहे.

भाचीला मात्र पिडकॉकपेक्षा पोलीन फेराँ-प्रेव्हो दाखवा. २०१५ मध्ये, तेविसाव्या वर्षी, या फ्रेंच मुलीकडे रोड, सायक्लोक्रॉस आणि माउंटन बाइक या तिन्हींची विश्वविजेतेपदं एकाच वेळी होती. असं आधी कुणीही केलेलं नव्हतं, पुरुषांनीही नाही. मग पडत्या काळातून गेली, पायाच्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियांतून गेली, २०२४ ला पॅरिसमध्ये माउंटन बाइकचं सुवर्ण घेतलं, आणि रोडवर परत येऊन २०२५ मध्ये एकाच वर्षात महिलांची पॅरिस-रुबे आणि महिलांची तूर द फ्रान्स जिंकली. शिवाय नेदरलँड्सची पुक पीटरसे: २००२ चा जन्म, आणि २०२४ च्या एकाच मोसमात महिलांच्या तूरमधला लिएजचा टप्पा आणि माउंटन बाइकचं विश्वविजेतेपद दोन्ही.

तेरा वर्षांच्या मुलीसाठी माझं मत असं. हे सगळे अपवादात्मक लोक आहेत, त्यांच्या पदकांवरून तिच्या पदकांचा हिशेब मांडू नका. पण या वयात सायकल हाताळणं जितकं वेगवेगळ्या जमिनीवर शिकेल तितकं चांगलं, याबद्दल मला शंका नाही. वॅट (पायांची ताकद) आणि वजन सतरा-अठरानंतर मोजता येतं. ओल्या गवतावरचं वळण आत्ताच शिकायचं असतं. फक्त वर्षाला एक मोसम तरी शर्यतीविना ठेवा, आणि कुठला ठेवायचा ते तिला ठरवू द्या. प्रशिक्षकांनी एकाच प्रकाराचा आग्रह धरला तर तिच्यासमोर बसून कारण विचारा. कधी कधी कारण एवढंच असतं की त्यांना स्वतःला दुसरा प्रकार शिकवता येत नाही.

आणि एलांकूरची ती शेवटची फेरी तिला आवाज बंद करून दाखवा. झाड येण्याच्या आधी थांबवा आणि विचारा, तू कुठल्या बाजूने गेली असतीस?